सलग चार तास

डॉक्टरीणबाईंनी कागदावर औषध लिहून दिलं ते असं: ‘झोप. सलग चार तास. रोज एकदा.’ खाली सही, तारीख आणि दवाखान्याचा गोल शिक्का.

भुंगीच्या आईनं तो कागद दोनदा वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली आणि विचारलं, “आणि नाही जमलं तर?”

“पुढच्या सोमवारी या. तोवर एकदाही जमलं नसेल तर गोळ्या लिहून देते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गाढ झोप लागेल. फक्त रात्री बाळ रडलं तर तुम्हाला ऐकू येणार नाही. ते दुसऱ्या कुणीतरी बघायचं.”

बाईंनी हे दिलासा म्हणून सांगितलं होतं. भुंगीच्या आईला ते शिक्षा सुनावल्यासारखं ऐकू आलं. निघताना तिनं दाराशी खुंटीवर टांगलेल्या पांढऱ्या कोटाला “येते हं बाई” म्हणून हात जोडले. खुर्चीतल्या बाईंनी ते पाहिलं, कागद परत मागून घेतला आणि ‘सलग’ या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

भुंगी तेरा महिन्यांची होती. झोपेआधी ओठ मिटून गुणगुणायची म्हणून भुंगी. गुणगुण भरपूर आणि झोप चिमूटभर, असा तिचा कारभार. पाऊण तास झोपायची, मग उठून सगळे जागेवर आहेत ना याची हजेरी घ्यायची, आणि पुन्हा गुणगुणायला लागायची. त्या पाऊण तासात तिच्या आईला झोपता आलं असतं. पण बाळंतपणाच्या रजेआधी ती विमा कंपनीत अपघातांचे दावे वाचायचं काम करायची. माणसाला कशाकशानं काय काय होऊ शकतं याच्या साडेचार हजार फायली तिच्या डोळ्यांखालून गेल्या होत्या. त्यामुळे भुंगी झोपली की ही तिच्या नाकाखाली बोट धरून बसायची. श्वासाचा ऊन वारा बोटाला लागला की जिवात जीव यायचा, आणि पुढच्या श्वासापर्यंत पुन्हा टांगणीला लागायचा.

“ती झोपते तेव्हा तू झोप ना,” नवरा म्हणायचा.

“ती झोपली असताना मी कशी झोपणार?”

“मग ती जागी असताना झोप.”

“तेव्हा तर मुळीच नाही.”

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. अडकलेली कुठलीही गोष्ट कुठूनतरी वंगण घातलं की हलते, असा त्याचा विश्वास. त्याच्या कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं की पाण्यावर बाळं कुंभकर्णासारखी झोपतात. झालं. रविवारी त्यानं कालव्यावर पाच दिवसांसाठी नाव भाड्यानं घेतली, आईला बोलावून घेतलं आणि मंगळवारी सगळं बिऱ्हाड पाण्यावर.

नाव कसली, एखाद्या ऑफिसातला बोळ उचलून पाण्यात सोडावा तशी ती लांबच लांब वस्तू होती. पुढे बसायची जागा, मग बाक, गॅस, मोरी, झोपायच्या दोन फळ्या, आणि सगळ्यात मागे सुकाणूचा दांडा धरून उभा राहणारा नवरा. त्याच्या पायाखाली इंजिन. वेग ताशी चार किलोमीटर. काठावरून चालणारी माणसं पुढे निघून जायची आणि जाताना हात करायची.

दोन्ही तीरांना पाण्यावर ओणवलेली झाडं होती. दगडी कमानींचे पूल पाण्यात उलटे पडून पूर्ण गोल व्हायचे आणि नाव त्या गोलातून दोऱ्यासारखी ओवली जायची. बगळे एका पायावर उभे राहून ह्या मंडळींकडे बघायचे. नवरा मागून ओरडून सांगायचा, “ते बघ, ते बघ.” भुंगीची आई बघायची आणि तिला दिसायचं ते असं: ओला काठ, नुसता पाय टेकला की गेलाच. कमान, डोक्याच्या उंचीची. बगळा, चोच टोकदार.

सासूबाईंना मात्र हे सगळं फार मानवलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी पोस्टाच्या खिडकीत काढली होती, काचेच्या आड. बाहेरच्या बहिऱ्या म्हाताऱ्यांनाही ऐकू जावं म्हणून बोलायची सवय जडली ती निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. त्यांची कुजबुज म्हणजे इतरांची आरोळी. “काय गं, झोपली का?” असं त्या दबक्या आवाजात विचारायच्या आणि भुंगी खाडकन उठून बसायची. सून दातांवर दात धरून नुसती हसायची. ते हसणं सासूबाईंना शिवीपेक्षा झोंबायचं.

“मी दोन मुलं वाढवलीत हो,” त्या म्हणायच्या.

“हो आई.”

“दोन्ही जिवंत आहेत.”

“हो आई, एक तर मी रोजच बघते.”

पहिल्या दोन दिवसांत एक शोध लागला. इंजिन धडधडत असलं आणि नाव पुढे जात असली की भुंगी झोपायची. खरोखर झोपायची. पण दोन्ही गोष्टी लागत. नुसतं इंजिन चालू ठेवून काठाला उभं राहिलं तर चालत नसे. नाव काठाला टेकली की त्या बारीक धक्क्यानं डोळा उघडायचा. इंजिनाचा सूर बदलला तरी उघडायचा. मग नवऱ्यानं सरळसोट हिशोब मांडला: भुंगी चार तास झोपेल एवढं सलग जायचं, कुठे थांबायचं नाही, आणि त्या चार तासांत तिच्या आईनं कागदाप्रमाणे वागायचं. मंगळवार गेला, बुधवार गेला. भुंगी झोपली. तिच्या आईचं बोट नाकाखालून हललं नाही.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला एका पुलापाशी ब्रेड आणि दूध घ्यायला सासूबाई उतरल्या. पुलापलीकडेच दुकान होतं. त्या गेल्या आणि भुंगीनं सूर लावला. सकाळपासून तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. खेळणं दिलं, फेकलं. केळं दिलं, तेही फेकलं.

“पुढच्या वळणापर्यंत जाऊन येऊ का?” नवरा म्हणाला. “पाच मिनिटं. आई येईपर्यंत परत.”

नाव सुटली. दुसऱ्याच मिनिटाला भुंगीची गुणगुण सुरू झाली, तिसऱ्या मिनिटाला थांबली. वळण आलं. वळणावर कालव्याची रुंदी होती जेमतेम नावेच्या निम्म्या लांबीएवढी. इथून मागे यायचं म्हणजे इंजिन उलटं फिरवायचं, ते डरकाळी फोडणार. नवऱ्यानं मागून बायकोकडे पाहिलं. बायकोनं आतून ‘नको’ अशी मान हलवली. नाव पुढे जात राहिली.

इकडे सासूबाई दोन हातांत दोन पिशव्या घेऊन दुकानातून बाहेर आल्या आणि पाहतात तर कालवा आहे, नाव नाही. लांबवर नावेचं मागचं टोक दिसत होतं आणि टोकावर लेक. पुढे त्या सांगायच्या की त्या क्षणी त्यांच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता ह्यांनी मला इथेच सोडायचं ठरवलंय. दुसरा विचार, की मग ब्रेडचं काय करू.

कालव्याच्या कडेनं पायवाट होती. पूर्वी घोडे ह्याच वाटेनं चालत नावा ओढायचे. सासूबाई त्या वाटेला लागल्या आणि पोस्टातून सुटल्यावर बस पकडायला निघावं तशा निघाल्या. पंधरा मिनिटांत त्यांनी नाव गाठली.

“अरे,” त्या काठावरून म्हणाल्या.

दोन गायींनी चरायचं सोडून वर पाहिलं. लेकानं दोन्ही हात जोडले, गालाखाली तळवा धरून डोळे मिटले, मग आत बोट दाखवलं.

सासूबाईंना समजलं. त्यांनी ओठांना कुलूप लावलं. पण सांगण्यासारखं पुष्कळ होतं, म्हणून मग हातांनी सुरू झाल्या. पिशवी उंच धरून ब्रेड दाखवला. दूध दाखवलं. दोन बोटं वर करून काहीतरी दाखवलं त्याचा अर्थ कुणालाच लागला नाही. मग त्यांनी आपल्याकडे बोट केलं, वाटेकडे केलं, आणि घोड्यासारखी मान हलवली. लेकाला हसू आवरेना. दांडा हलला, नाव झाडाच्या फांद्यांत शिरली आणि छपरावर पाला पडला.

आत भुंगीच्या आईनं बोटाला ऊन वारा लागतोय ना ते पाहिलं. लागत होता. बारा वाजायला दहा कमी. पंचेचाळीस मिनिटं झाली होती. आणखी सव्वातीन तास मिळाले, आणि त्यातला निम्मा वेळ तरी आपण डोळे मिटले, तर. तिनं डोळे मिटून पाहिले. मिटल्याबरोबर बोट जास्तच सावध झालं.

तेवढ्यात नवरा मागच्या दारातून डोकावला. “लॉक आलं,” तो नुसत्या ओठांनी म्हणाला.

लॉक म्हणजे पाण्याचा जिना. पुढचा कालवा खालच्या पातळीला असतो. नाव एका खोल दगडी हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं, हौदातलं पाणी हळूहळू सोडून द्यायचं, नाव खाली उतरली की पुढचं दार उघडायचं. नवऱ्याला हा प्रकार लिफ्टसारखा वाटायचा आणि तो प्रत्येक वेळी तसं सांगायचा. ह्या लॉकवर एक लॉकमास्तर होता, पांढऱ्या मिशांचा, गळ्यात शिट्टी. आणि दारावर हातभर अक्षरांची पाटी होती: आत इंजिन बंद.

भुंगीची आई एक डोळा भुंगीवर ठेवून पुढच्या बाजूला आली. पर्समधून तिनं एक कागद काढला, तो नाव ढकलायच्या लांब काठीच्या टोकाला खोचला आणि काठी लॉकमास्तरांपुढे धरली. त्यांनी आधी काठीकडे पाहिलं, मग बाईकडे, मग खिशातून चष्मा काढला.

“सलग चार तास,” त्यांनी वाचलं. “हे औषध कुणाला लिहिलंय?”

“मला,” ती हळूच म्हणाली.

“आणि झोपलंय कोण?”

“मुलगी.”

लॉकमास्तरांनी कागद पुन्हा वाचला. “म्हणजे तुमचं औषध ती घेतेय.”

“इंजिन नुसतं चालू राहू दिलंत तर,” ती म्हणाली. “पाचच मिनिटं. तुम्ही शिक्का बघा ना.”

“शिक्का चांगलाय. पण हौद खोल आहे, बाई. धूर वर जात नाही, तिथेच कोंडतो.”

धुराचं नाव काढताच तिची सगळी वकिली गळून पडली. कोंडलेल्या धुराच्या एकवीस फायली तिनं वाचल्या होत्या. तिनं स्वतःच मागे वळून नवऱ्याला हातानं खूण केली: बंद कर.

नाव हौदात शिरली. इंजिन थांबलं. इतकी शांतता झाली की दारांच्या फटीतून ठिबकणारं पाणी ऐकू यायला लागलं.

भुंगी उठली.

पण रडली नाही. आईनं तिला उचलून पुढे आणलं तर ती लॉकमास्तरांच्या शिट्टीकडे टक लावून बघत बसली. तोवर काठानं सासूबाईही येऊन पोचल्या होत्या, तोंड लालबुंद, पिशव्या शाबूत. हौद अजून भरलेला होता, त्यामुळे नावेचं छप्पर आणि काठ जवळपास एका पातळीत होते.

“पाणी उतरताना बाळाला बाहेर उभं करू नका,” लॉकमास्तर म्हणाले. “आत तरी न्या, नाहीतर इकडे वर द्या.”

सासूबाईंनी पिशव्या खाली ठेवून हात पुढे केले. भुंगीनं शिट्टीसाठी म्हणून आपले केले. ती कधी आजीकडे गेली ते तिच्या आईला नीट कळलंही नाही.

“आई, तीन पावलं मागे व्हा.”

सासूबाई चार पावलं मागे झाल्या. “ऊन आहे,” त्या म्हणाल्या. “हिची टोपी आण बघू आतून.”

आता ही गोष्ट ज्या टोपीवर फिरली ती टोपी पिवळी होती आणि बाकावरच्या उशीखाली होती. भुंगीची आई आत आली, बाकावर टेकली आणि तिनं उशीखाली हात घातला. नाव हळूहळू खाली जायला लागली होती. खिडकीतून काठ वर सरकला, मग ओल्या दगडाची हिरवी भिंत आली, मग आणखी भिंत. आतला उजेड मंदावला. कुठेही धक्का नव्हता, आवाज नव्हता. बोटांना टोपी लागली. ती बाहेर काढायच्या आधी तिनं उशीवर डोकं टेकलं. एवढ्यासाठीच, की हात आणखी थोडा आत जावा.

पुढचं तिला नंतर कळलं, तेही जेवताना, तीन तोंडांतून तीन तऱ्हेनं. लॉकमास्तर जेवायला थांबले होते म्हणून तिसरं तोंड.

पाणी उतरलं, पुढचं दार उघडलं, नवऱ्यानं इंजिन लावलं. काठाला घेऊन आईला आणि भुंगीला नावेत घ्यायचं म्हणून त्यानं वेग कमी केला. इंजिनाचा सूर बदलला तशी आतून झोपेतली हाक आली, “भुंगी?” त्यानं वाकून पाहिलं. बायको बाकावर आडवी, तोंड उघडं, एक हात उशीखाली. पापण्या फडफडत होत्या.

लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण गेल्या तेरा महिन्यांत त्यानं बायकोचं उघडं तोंड पाहिलं नव्हतं. तो काठाकडे बघत राहिला. काठावर सासूबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, कडेवरच्या भुंगीसकट हात झटकला. गाईला हाकलावं तसा. जा. थांबू नकोस. जा.

नाव निघाली. पापण्या थांबल्या.

ह्यापुढे जे झालं त्यात नवऱ्याचं म्हणणं असं की सगळं त्यानं जमवलं. लॉकपासून साडेतीन किलोमीटरवर कालवा तळ्यासारखा रुंद होतो. तिथे इंजिन उलटं न फिरवता, डुलत डुलत, एका मोठ्या वळशात नाव फिरवता येते. तिथे फिरायचं, परत लॉकपाशी यायचं, लॉकच्या खालीही तसंच रुंद पाणी आहे तिथे पुन्हा फिरायचं, पुन्हा जायचं. फक्त हेलपाटे घालत राहायचं. दांड्यावरून हात काढायचा नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. सूर एक ठेवायचा.

सासूबाईंचं म्हणणं असं की दांडा काय, कुणीही धरेल. तेरा महिन्यांचं धट्टंकट्टं मूल कडेवर घेऊन चालून दाखवा. पहिला एक किलोमीटर त्या चालल्या. मग कमरेनं जाब विचारला. नाव सोडून बसावं तर भुंगीचं सामान नावेत, आणि नाव थांबायची नाही.

आणि लॉकमास्तरांचं म्हणणं असं की त्यांची ढकलगाडी नसती तर काहीच झालं नसतं. लॉकच्या बाजूचं गवत कापून वाहायची एकचाकी गाडी होती ती. त्यांनी ती धुतली, तिच्यात तीन लाइफ जॅकेटं अंथरली, स्वतः आणून दिली आणि वर भुंगीला ठेवलं. “मी सरकारी माणूस,” ते म्हणाले. “लॉक सोडून फार लांब येता येत नाही.” पण आले. चार पावलं म्हणून आले ते चांगलं किलोमीटरभर आले, शिट्टी भुंगीच्या हातात देऊन. भुंगीला ती वाजवता येत नव्हती, फक्त चावता येत होती, हे नशीब.

तहान, भूक आणि बाकीचं सगळं वाटेत झालं. नवऱ्यानं एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातानं आधी लंगोट, मग पाण्याची बाटली, मग चमचा लांब काठीच्या टोकाला लटकावून काठावर पोचवला. सासूबाईंनी त्याच काठीवरून त्याला लोणी लावलेला ब्रेड पाठवला. एकदा लंगोट पाण्यात पडला आणि एका बदकानं त्याची नीट चौकशी केली. भुंगी गाडीत बसून हे सगळं राणीसारखं बघत होती. मधे अर्धा तास ती झोपलीसुद्धा, गाडीच्या खडखडाटात, आणि तिच्या नाकाखाली कुणाचंही बोट नव्हतं.

समोरून दोन नावा आल्या. कालव्यावर समोरासमोर आलं की भोंगा द्यायची आणि हसून दोन शब्द बोलायची पद्धत. सासूबाई पायवाटेवर मध्यभागी उभ्या राहिल्या, तळवा पुढे केला आणि आयुष्यात पहिल्यांदा खरोखर कुजबुजल्या: “सून झोपलीय.” दोन्ही नावा भोंगा न देता, चोरपावलांनी गेल्या. नाव परत लॉकपाशी आली तेव्हा ‘आत इंजिन बंद’ या पाटीखाली खडूनं नवी ओळ लिहिलेली होती. ‘बाहेर चालू ठेवा. हळू बोला.’

ह्यातलं काहीही भुंगीच्या आईला ठाऊक नव्हतं. तिनं डोळे उघडले तेव्हा ऊन पलीकडच्या खिडकीतून येत होतं. ऊन इकडचं तिकडे कसं गेलं, हे तिला समजेना. हातात पिवळी टोपी होती. गालावर उशीच्या शिवणीचा वळ. इंजिन धडधडत होतं. बोट सवयीनं पुढे गेलं आणि बाकावर रिकाम्या हवेत थांबलं.

भुंगी नव्हती.

साडेचार हजार फायली एकाच वेळी उघडल्या. ती गुडघ्यांवर उठली, खिडकीशी आली, आणि ओरडण्यासाठी तिनं घेतलेला श्वास तसाच आत राहिला.

काठावरून, नावेच्या बरोबरीनं, एक ढकलगाडी चालली होती. गाडीत लाल लाइफ जॅकेटांच्या ढिगावर तिची मुलगी बसली होती, डोक्याला आजीचा रुमाल चार गाठींनी बांधलेला, तोंडात शिट्टी. गाडी ढकलत होत्या सासूबाई. चपला काढून त्यांनी गाडीच्या दांड्याला अडकवल्या होत्या. चेहरा विटेसारखा तापलेला, साडी पोटरीपर्यंत वर खोचलेली. वाट पाण्यापासून किती लांब आहे ते भुंगीच्या आईनं डोळ्यांनी मोजलं. चार पावलं. सासूबाई गाडी वाटेच्या मधूनही नव्हत्या नेत, पलीकडच्या कडेनं, गवतातून नेत होत्या. तिथे ढकलायला जड जात होतं, ते त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं.

तिनं घड्याळ पाहिलं. चार वाजायला दहा कमी. बारा दहा ते तीन पन्नास. तिनं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. तीन तास चाळीस मिनिटं.

वीस मिनिटं कमी होती.

कागदावर ‘सलग’ लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा. आता ती जागी झाली म्हणून हाक मारली असती तर नाव काठाला लागली असती, सासूबाई थकलेल्या पायांनी वर चढल्या असत्या, भुंगी तिच्या कुशीत आली असती, आणि सोमवारी डॉक्टरीणबाईंना तीन तास चाळीस मिनिटं सांगावी लागली असती. आणि गाडीचं चाक नीट घट्ट आहे की नाही ते तिनं विचारलं असतं. विचारल्यावाचून ती राहिलीच नसती.

तेवढ्यात भुंगीनं मान वळवली आणि खिडकीतली आई पाहिली. शिट्टी तोंडातून पडली. दोन्ही हात वर झाले.

आईनं ओठांवर बोट ठेवलं.

भुंगीनं थोडा विचार केला. मग आपलं बोट उचलून स्वतःच्या नाकाखाली धरलं.

ढकलगाडीचा वेग जरा कमी झाला. सासूबाईंनी नातीच्या नजरेमागून नजर नेली. ती नजर सरळ खिडकीवर येऊन पोचली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, मधे चार पावलं आणि हातभर पाणी.

“उठली का गं ती?” मागून नवऱ्याचा दबलेला, थकलेला आवाज आला. साडेतीन तास तो दांडा धरून उभा होता. “आई? उठली का?”

सासूबाईंनी एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं.

“छे रे,” त्या म्हणाल्या, आणि ते कालव्याच्या दोन्ही काठांना ऐकू गेलं. “मेल्यासारखी झोपलीय. घोरतेय चांगली. तू दांडा बघ.”

भुंगीची आई पुन्हा आडवी झाली. मी घोरत नाही, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. लग्न झाल्यापासून एकदाही घोरले नाही, हवं तर ह्यांना विचारा. तिनं टोपी छातीशी धरली, डोळे मिटले, थोडी वाट पाहिली.

मग बारीकशी घोरली. मागच्या दारापर्यंत जाईल एवढीच.